शेराचा चीक

ते रोप मी सीताबर्डीच्या फुटपाथवरून आणलं. चहाच्या कपाएवढी कुंडी आणि तिच्यात पेन्सिलीसारख्या जाड हिरव्या काड्या. पान एकही नाही. विकणारा म्हणाला, "पंधरा दिन में एक बार पानी देना, बस." मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं.

बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आईबाबा गावाहून माझ्याकडे आले होते. आईनं कुंडी पाहिली नि जागेवरच थांबली.

"हे तं शेर हाय वं! आपल्या शेताच्या धुऱ्यावर याचं कुंपण होतं. चीक डोळ्यात गेला का डोळाच जाते. घरात काहून आणलं?"

"आई, हल्ली सगळ्यांकडे असतं हे."

"असू दे सगळ्यांकडं."

त्या दिवशी तिनं कुंडी बाल्कनीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. मी आत आणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर.

मे महिना होता. कूलरसमोरही अंग भाजत होतं. मला त्या रोपाची दया यायची नि मी रोज थोडं पाणी घालायची. ऑपरेशनला सहा दिवस झाले, तेव्हा खालच्या दोन काड्या पिवळ्या, मऊ पडलेल्या दिसल्या. मी त्या मोडल्या. मोडल्या जागेतून दुधासारखा पांढरा चीक भराभर गळायला लागला. नळाखाली बोटं धरली, ओढणीला पुसली. थोडी चिकट लागली, पण चार वाजले होते. बाबांच्या औषधाची वेळ.

मी त्याच बोटानं त्यांची खालची पापणी ओढली आणि थेंब टाकला.

"जळून राहिलं गं," बाबा म्हणाले.

"औषध आहे बाबा, झोंबणारच."

दहा मिनिटांनी पाहिलं तर ते पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. डोळा लाल, पाणी थांबत नव्हतं. "पोरी, मले दिसून नाही राहिलं."

आईनं माझ्या हाताकडे पाहिलं. फिल्टरचं पाणी तांब्यात घेऊन ती बाबांचं डोकं कलतं करून डोळ्यावर धार धरत राहिली. मी ऑटो आणला.

डॉक्टरांनी विचारलं, "हाताला काय होतं?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. अर्धा तास त्यांनी डोळा धुतला. "राहील की नाही, आज सांगता येणार नाही."

पुढचे पंधरा दिवस थेंब आईनंच टाकले. मला कोणी नको म्हटलं नाही, पण बाटली ती पदराच्या गाठीत बांधून ठेवायची.

डोळा वाचला. त्यावर धूसर पडदा मात्र कायमचा राहिला. बाबा आता मान वाकडी करून पेपर वाचतात. "वयानं होते असं," म्हणतात, नि मला ते ऐकवत नाही.

रोप कचऱ्यात टाकायचं धाडस झालं नाही; कचरा हातानं निवडतात. म्हणून गच्चीवर ठेवलं, पाणी बंद केलं, वाळलं की बघू म्हणून. वर्षभरानं परवा वर गेले, तर ते गुडघ्याएवढं झालं होतं. खाली पडलेली एक काडी टाकीजवळच्या भेगेत रुजली होती. मी तिथंच उभी राहिले. उपटायला हात पुढे होईना.