वैशालीचं राहिलेलं प्रात्यक्षिक

रिटायर माणसाच्या कपाटात गोळ्यांची रिकामी पाकिटं साठतात ना, तसे किस्से साठतात. टाकून द्यायचं ठरवून हातात घ्यावं, तर वाटतं, असू दे, कुणाला तरी दाखवता येईल. माझ्याकडचे बरेचसे धुळ्याच्या एका नर्सिंग कॉलेजातले आहेत. मी तिथे आठवड्यातून दोनदा मुलींना इंग्रजी शिकवतो. माझी पीएचडी वनस्पतिशास्त्रातली. म्हणून पहिल्याच दिवशी प्राचार्य मॅडमना विचारलं, "या कामाला मी योग्य आहे असं तुम्हाला खरंच वाटतं?"

त्या म्हणाल्या, "सर, अर्ज तुमचा एकट्याचाच आलाय!"

*

वैशाली तिथलीच. दोंडाईच्याजवळच्या खेड्यातली, अभ्यासात चांगली. पण पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक राहिलं होतं. तिनं थर्मामीटर बरोबर वाचला होता. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी भुवया उंचावल्या, आणि हिनं लगेच आकडा बदलला! पुन्हा उंचावल्या, पुन्हा बदलला. तिसऱ्यांदा तर तिनं परीक्षकांनाच विचारलं, "मग किती लिहू?"

आता एकच संधी उरली होती. या वेळी राहिलं, तर पुढच्या वर्गाचं दार बंद.

मी तिला धीर द्यायला गेलो. म्हटलं, "आपण बरोबर असलो की ठाम राहायचं. म्हणजे, मला वाटतं. बहुतेक."

ती म्हणाली, "सर, तुम्ही राहू द्या."

*

कॉलेजात सरावासाठी रबरी माणूस आहे. मुली त्याला 'नाना' म्हणतात. नियम असा की पेशंट खरा असो वा रबरी, हात लावण्याआधी आपलं नाव सांगायचं, काय करणार ते सांगायचं आणि परवानगी घ्यायची.

वैशालीनं सगळं व्यवस्थित सांगितलं. "नाना, मी वैशाली. तुमचं अंग पुसणार आहे. चालेल ना?" आणि ओला कपडा हातात धरून उभी राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं.

शिकवणाऱ्या मॅडम वैतागल्या. "अगं, थांबलीस कशाला?"

"मॅडम, नाना अजून हो नाही म्हणाले!"

*

हॉस्पिटलातली चादर गादीखाली इतकी घट्ट खोचायची असते की एक सुरकुती दिसता कामा नये. दिवाळीच्या सुट्टीत वैशालीनं घरी जाऊन आजोबांचं अंथरूण तसंच केलं. वरची चादरही खोचली, तीन बाजूंनी. आजोबा दुपारी कसेबसे आत शिरले, पण बाहेर येता येईना.

चहाला हाका मारून सगळे थकले, तेव्हा आतून आवाज आला, "वं माय, माले पाकिटमा घाली दिनं! आते तिकीट लावा नि पोस्टमा टाका!"

*

वस्तीत घरभेटीला जायचं, तर मुलींसोबत कुणीतरी वडीलधारं हवं. म्हणून एकदा मलाही नेलं. (कोण कुणाची काळजी घेत होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.) तिथेही नियम. औषधांची पिशवी जमिनीवर ठेवायची नाही. आधी वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर पिशवी.

एका घरात बाळंतीण होती. वैशालीनं ऐटीत वर्तमानपत्र अंथरलं. बाळंतिणीच्या सासूबाईंनी ते पाहिलं आणि आत वळून ओरडल्या, "भूक लागनी व्हई पोरीस्ले! बसा बठ्ठ्या!"

पुढच्या क्षणी वर्तमानपत्रावर मुरमुऱ्यांचा ढीग, वर शेव, कडेला कांदा! नको म्हणायची सोयच नव्हती. सगळ्या बसल्या, मीही बसलो. हात धुतले होते की नाही, याची चिंता मला पुढे दोन दिवस पुरली.

परतल्यावर मॅडमनी विचारलं, "पिशवी वर्तमानपत्रावरच ठेवली होतीस ना?"

"ठेवणार होते मॅडम. पण जागा उरली नाही!"

*

प्रेरणा ही वैशालीची मैत्रीण, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली, जिभेची तिखट. प्रत्येकीनं ओळखीच्या एका ज्येष्ठ माणसाची देखभाल कशी करायची ते लिहून आणायचं होतं. तिनं मला निवडलं. वही तपासायला माझ्याकडेच आली.

समस्या : सततची चिंता.

कारण : पेशंट स्वतःच.

उद्दिष्ट : पेशंट घराचं कुलूप एकदाच ओढून पाहील.

परिणाम (वही परत नेल्यावर लिहिलेला) : उद्दिष्ट साध्य झालं नाही. पेशंटनं ही वहीसुद्धा दोनदा तपासली.

*

आणि मग वैशालीची परीक्षा आली. रुग्ण म्हणून झोपणारे शिपाईभाऊ नेमके लग्नाला गेलेले. मॅडमनी मला पलंगावर झोपवलं. सकाळी स्टाफरूममध्ये माझं ब्लडप्रेशर मोजून चिठ्ठी परीक्षकांना दिली होती : वरचं एकशे तीस.

परीक्षक मॅडम त्याच, मागच्या वर्षीच्या! मी छताकडे पाहू लागलो.

वैशाली आली. मी सर नाही, पेशंटच आहे अशा आवाजात म्हणाली, "आबा, मी वैशाली. तुमचं ब्लडप्रेशर मोजू का?" मी इतक्या जोरात "हो" म्हणालो की पलीकडच्या पलंगावरची मुलगी दचकली.

तिनं मोजलं. "वरचं एकशे अडुसष्ट."

परीक्षकांनी चिठ्ठीकडे पाहिलं. भुवया वर. "पुन्हा बघ."

मी मनात म्हटलं, संपलं. पोरीचं वर्ष गेलं, तेही माझ्यामुळे. तिनं थोडं थांबून पुन्हा मोजलं.

"एकशे शहात्तर."

"अगं, वाढलं कसं? इथे एकशे तीस लिहिलंय. तुझं चुकतंय!"

वैशालीच्या कपाळावर घाम होता. तिनं चिठ्ठीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग कानातून स्टेथोस्कोप काढला.

"मॅडम, माझं बरोबर आहे. तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबता का? पेशंट तुम्हाला घाबरलेत."

परीक्षक मॅडमनी चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि खरंच बाहेर गेल्या!

वैशाली माझ्या कानाशी वाकली. "सर, परीक्षा माझी आहे. तुम्ही कशाला देताय?"

पाच मिनिटांनी परीक्षक मॅडम आत आल्या. पट्टा स्वतः बांधला, स्वतः मोजलं. एकशे बत्तीस. मग वैशालीला पास करून तिच्या कागदावर गुण लिहिले, खाली सही केली आणि दाराकडे पाहून म्हणाल्या,

"पुढची मुलगी पाठवा. आणि आधी हा पेशंट बदला!"