पालीची गौर आणि माझा जळफळाट

यंदा गौरी-गणपतीला कोल्हापूरहून माहेरी निघाले तेव्हा पिशवीत माझे आणि लेकीचे कपडे कसेही कोंबले होते, पण त्यांच्या मधोमध मिठाईच्या रिकाम्या खोक्यात एक वस्तू जिवापाड जपून ठेवली होती. कोल्हापुरी साज. खरा नव्हे हो, घरी केलेला! पुठ्ठ्याची पानं कापून त्यांना सोनेरी कागद चढवला, मध्ये लाल-हिरवे मणी ओवले, मागे रेशमी गोंडा. आषाढापासून संध्याकाळी स्वयंपाक उरकला की मी आणि सासूबाई दिव्याखाली बसायचो. मी पानं चिकटवायची, त्या मणी ओवायच्या. "लई शोभून दिसणार बघ तुझ्या माहेरच्या गौरीला," असं त्या मधूनच म्हणायच्या.

माझं माहेर रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावर, पालीच्या बाजारापासून जरा आत एका वाडीत. लग्नाआधीपासून तिथल्या आमच्या गौरीला साडी मी नेसवते. लग्नानंतरही हे काम मी सोडलं नाही. नवऱ्याला सांगून टाकलंय, दिवाळी तुमची, गौरी माझ्या. यंदा फरक एवढाच की वैशाखात माझ्या धाकट्या भावाचं, मंदारचं लग्न झालं आणि घरात पल्लवी आली. मुलगी दापोलीची, बोलायला गोड, कामाला चटपटीत. मला ती आवडली होती. होती, असंच म्हणते.

प्रवासाचं आधी सांगते, कारण दरवर्षी कोणीतरी विचारतंच. मुंबईकडून येणाऱ्यांचे या दिवसांत हाल होतात, पण कोल्हापूरकडून एसटी बरी पडते. सकाळची गाडी धरा, बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि खिडकी डावीकडची घ्या. मलकापूरला गाडी चहाला थांबते. तिथे भजी गरम असतील तरच खा. आंबा घाटात धुकं इतकं होतं की कंडक्टर दारात उभा राहून ड्रायव्हरला ओरडून सांगत होता. घाट उतरला की साखरप्यापासून पुढे रस्त्याचं काम चालू, सगळीकडे लाल चिखल, त्यामुळे वेळेचा भरवसा धरू नका. ज्यांना गाडी लागते त्यांनी आवळासुपारी जवळ ठेवावी. माझी लेक अन्वी चौथीत आहे, तिने घाटात डोळे मिटून "आलं का पाली?" एवढा एकच प्रश्न लावून धरला होता.

पालीचा बाजार गौरीच्या आदल्या दिवशी बघण्यासारखा असतो. सुपं, परड्या, चिबूड, तवशी, गणपतीवर टांगायच्या माटवीची रानफळं, सगळं रस्त्यावर मांडलेलं आणि माणसांना पाय ठेवायला जागा नाही. मी गौरीसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या. त्या बाईने विचारलं, "कितवी सून गो तू?" मी म्हटलं, "सून नाही, लेक." तर म्हणते, "मग बांगड्या तू कशाला घेतंयस? तुला कोणी घेत नाय काय?" मी हसले खरी. रिक्षा वाडीपर्यंत येते, पण या दिवसांत रिक्षावाले आढेवेढे घेतात, तेव्हा आधी ठरवून बसा.

घरी पोचले तर ओटीवर मखर! दरवर्षी मंदार थर्माकोलच्या तुकड्यांवर भागवायचा. यंदा पुठ्ठा, बांबूच्या काड्या आणि जुन्या साड्यांचे काठ वापरून देवळाचा कळस उभा केला होता. "सगळं पल्लवीने केलंय," मंदार म्हणाला. आईच्या चेहऱ्यावर जे कौतुक होतं ते मला दहावीच्या निकालालाही दिसलं नव्हतं. मी "छान आहे," म्हटलं आणि कळसाचं टोक जरा वाकडं आहे हेही सांगितलं. वाकडं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गौर आणायची. आमच्याकडे वहाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठचा तेरडा मुळासकट उपटून आणतात, तीच गौर. आणणाऱ्या मुलीने तोंडात पाण्याची चूळ धरायची, वाटेत बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. यंदा हा मान अन्वीला. गाल फुगवून, डोळे मोठे करून ती सुपातली गौर घेऊन आली, पल्लवीने दारात तिच्या पायांवर दूध-पाणी घातलं आणि हळदीकुंकवाची पावलं थेट देवघरापर्यंत उमटली. तेरड्याची जुडी लाकडी खोडाला बांधली, मुखवटा चढवला. मी पदर खोचून पुढे झाले. आईने कपाटातून नवी हिरवी साडी काढली आणि माझ्यासमोरून नेऊन पल्लवीच्या हातात दिली.

"आई, मी नेसवते की."

"तू बस गो. पयलाच सण हाय तिचा, तिच्या हातून होऊंदे."

"दरवर्षी मीच नेसवते ना?"

"म्हणून काय जल्मभर? माहेरवाशीण तू." आणि हसत हसत आई म्हणाली, "गौर कधी सोताची साडी सोता नेसते काय गो?"

सगळे हसले. मीही दात दाखवले. पण खरं सांगते, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अन्वीने तोंडातलं पाणी केव्हाच टाकलं होतं, आता तशी चूळ मला हवी होती, तोंड बंद ठेवायला. पल्लवीने साडीच्या मिऱ्या आधीच पाडून, इस्त्री करून, कपडे वाळवायच्या चिमट्यांनी धरून ठेवल्या होत्या! म्हणजे हे आधीपासून ठरलेलं. मी इतकी वर्षं टाचणीसुद्धा न वापरता नेसवत आले. ती टाचण्या तोंडात धरून झपाझप कामाला लागली. पदर काढला, कमरेला स्वतः केलेला पट्टा बांधला, जुन्या काठावर तांदळाचा एकेक दाणा चिकटवून केलेला. मग मागे सरली. वाईट याचं वाटलं की गौर खरंच सुंदर दिसत होती. माझ्या हातून कधी इतकी दिसली नव्हती. साजाचं खोकं मी पिशवीतून काढलंच नाही.

संध्याकाळी भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला. भारंगीची भाजी, तांदळाची भाकरी. मी दोन घासांवर उठले, आणि आईला वाटलं कालची गाडी लागली असेल.

तिसरा दिवस पूजेचा आणि घरोघर जाण्याचा. तुम्हाला कोकणातल्या गौरी बघायच्या असतील तर हाच दिवस निवडा. ओळख लागत नाही, आमंत्रण लागत नाही, दार उघडं दिसलं की आत जायचं, हळदकुंकू वाहायचं, हातावर पंचखाद्य घ्यायचं. कोणी घावन-घाटलं खाल्ल्याशिवाय सोडत नाही, म्हणून सकाळी घरी कमी खा. वाडीतल्या बायका आमच्याकडेही आल्या. शेजारच्या काशीकाकी उंबऱ्यातूनच ओरडल्या, "जल्ला, काय उभी रायलीय गो गौर! कोणी नेसवली?"

"आमच्या सुनेने," आई म्हणाली.

"तरीच. दरवर्षी जरा फुगलेली दिसायची."

दरवर्षी जरा फुगलेली! कहर म्हणजे माझी पोरगीसुद्धा फितूर झाली. पल्लवीमामीने तिला कागदाची तेरड्याची फुलं शिकवली, जुन्या ओढणीची छोटी नऊवारी नेसवली, आणि ती फुलं डोक्यात खोचून बाईसाहेब मामीचं बोट धरून घरोघर मिरवत होत्या. "आई, तुला येतात का गं अशी फुलं?" हे पुन्हा मलाच विचारलं.

दुपारी सगळे खालच्या वाडीतल्या गौरी बघायला निघाले तेव्हा मी डोकं धरलं आणि मागे राहिले. डोकं मुळीच दुखत नव्हतं. बेत असा होता की घर रिकामं झालं की पदर थोडा सैल करायचा, माझ्या पद्धतीने, म्हणजे कंबरपट्टा झाकला जाईल, आणि वर साज घालायचा. पूजेला बसलेली गौर हलवत नाहीत हे मला कळत होतं. पण मी हलवणार कुठे होते, जरा सारखी करणार होते. खोकं घेऊन पाय न वाजवता देवघरापाशी आले, तर गौरीपुढे पल्लवी बसलेली. मांडीवर फोन, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

माझ्या हातात साज, तिच्या हातात फोन. दोघी चोर एकदमच सापडलो.

"काय झालं गं?"

तिने फोन पुढे केला. दापोलीच्या घरची गौर होती. "आमच्याकडची मीच नेसवायचे ताई, शाळेत असल्यापासून. यंदा वहिनीने नेसवलीय. पदर बघा कसा काढलाय, गोणपाट गुंडाळल्यासारखा. आणि आई फोनवर म्हणते, तुझ्यापेक्षा छान झालीय." तिने नाक पुसलं. "छान कुठेय? सांगा ना तुम्ही!"

मी फोटो नीट बघितला. छान होती. पण मी म्हटलं, "छे गं, मिऱ्या सगळ्या विस्कटल्यात."

"बघा ना!" ती एकदम खुलली. मग म्हणाली, "तुमचं किती बरंय ताई. तुम्हाला दरवर्षी येता येतं माहेरच्या गौरीला. मला आता कुठलं जमायला? दापोलीला रेल्वे नाही, गाड्या बदलत जायचं, आणि इथली गौर कोण करणार? तुम्ही आलात ना परवा पिशवी घेऊन, तेव्हा मला इतका हेवा वाटला तुमचा."

माझा हेवा! मी तीन दिवस हिच्या नावाने आत जळतेय आणि ही माझ्या नावाने. मला हसूच फुटलं, आणि मी तिला सगळं सांगून टाकलं, डोकेदुखीपासून पदर सैल करायच्या बेतापर्यंत. ती टाचण्यांच्या डबीवर हात मारून इतकी हसली की मुखवट्यापुढची समई हलली.

साज बघितल्यावर मात्र तिने एकेका पानावरून बोट फिरवलं. "केवढं बारीक काम आहे हे. घाला ना, तुम्हीच घाला. साज घालायला गौर हलवावी लागत नाही." तिने मुखवट्यामागून गोंडा धरला, मी गाठ मारली. हिरव्या साडीवर तो साज असा काही खुलला, काय सांगू! मग तिने सहज विचारलं, "ताई, तुमच्या सासरची गौर कोण नेसवतं?"

"सासूबाई."

"एकट्या? आणि त्यांची सून?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता. त्यांची सून तर मी. ती सून इथे बसली होती, भावजयीने काढलेला गौरीचा पदर सैल करायला टपून.

चौथ्या दिवशी गौरी-गणपती एकत्र गेले. वहाळाला पाणी भरपूर होतं, वाट निसरडी, तेव्हा या दिवशी येणाऱ्यांनी चांगल्या पकडीच्या चपला घालाव्यात. विसर्जनाआधी दागिने उतरवताना पल्लवीने साज खोक्यात घातला आणि खोकं माझ्या पिशवीत. आई म्हणाली, "राहूंदे हितंच." पल्लवी म्हणाली, "नको आई, तिकडे लागेल." मी तिला सांगितलं की पुढच्या वर्षी तू दापोलीला जा. आईने लगेच ऐकवलं, "दोघी जा खुशाल. माझे हात काय मोडले नायत."

परतीची एसटी पालीत उभ्यानेच मिळाली. मलकापुरात जागा झाली. कोल्हापूरला घरी पोचेस्तोवर इथलीही गौर गेली होती. सासूबाई धुतलेला मुखवटा फडक्याने पुसत बसल्या होत्या.

"आलीस व्हय? बस, च्या टाकते. यंदा माझी कंबर लई दुखत होती, मग शेजारची रूपाली आली नेसवायला. काय झ्याक नेसवली बघ पोरीनं!" त्यांनी फोनवर फोटो दाखवला. रूपालीने केलेली माझ्या घरची गौर. पुन्हा तीच कळ उठली, अगदी त्याच जागी. मला दोन घरं, दोन्हीकडे गौर येते, आणि यंदा दोन्हीकडे तिला दुसऱ्याच कोणीतरी नेसवलं.

मी खोकं काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"ह्ये परत का आणलंस? बसला न्हाई व्हय तिकडं?"

"बसला. पण आता इथल्या गौरीला ठेवू. पुढच्या वर्षी मी नेसवणार तिला. रूपालीला सांगून टाका."

त्यांनी मुखवटा मांडीवर घेतला, साज त्याच्या गळ्याशी धरून बघितला. आमच्या गौरीचा मुखवटा मोठा, साज आखूड पडत होता. मला वाईट वाटलं. एवढे दिवस केला आणि माप एकदाही इथल्या गौरीचं घेतलं नव्हतं.

"वाढवू की," सासूबाई म्हणाल्या. उठल्या, देवघरातल्या फळीवरून एक डबी काढली आणि माझ्या हातात दिली. आत लाल-हिरवे मणी होते. "तुझं उरलेलं मणी ठेवल्यात मी. म्हटलं, आपल्या गौरीसाठी बसलीस कधी, तर लागतील."