आत्याच्या बोकडाची कंदुरी

मानवतला एसटीतून उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. पुढे टमटममध्ये कापसाच्या बोचक्यांशेजारी जागा मिळाली. मला नोकरी लागली म्हणून आत्यानं कंदुरी (नवस फेडायला दर्ग्यापाशी बकरं कापून गावाला जेवू घालणं) ठेवली होती. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. माझ्या शिक्षणासाठी आत्यानं लोकांच्या शेतात कापूस वेचलाय. तिनं बोलावलं म्हणजे जायचंच.

आत्या एकटी राहते. अंगणात शिरलो तर ओळखीचा आवाज आला. दर रविवारी फोनवर तिच्या बोलण्यामागे हेच ओरडणं ऐकू यायचं. काळा बोकड, एका कानावर पांढरा ठिपका. तो माझ्या पिशवीचा बंद चघळू लागला.

"हाच कापायचा?"

"मग काय, तुला कापू?" आत्या हसली.

"बाजारातून दुसरा आणू की. ह्याची तुला सोबत हाय."

"इकतच्या जिवाचा कसला नवस? एवढासा होता तवाच तुझ्या नावानं बोलले म्या. आता फिरायचं न्हाई."

सकाळी दर्ग्यापुढच्या लिंबाखाली आत्यानं स्वतः त्याला पाणी पाजलं, गळ्यातलं दावं सोडलं. "माय, तुमी तिकडं व्हा आता," सुरी घेऊन आलेले मुलाणी चाचा हळूच म्हणाले. ती चुलींकडे गेली. मी थांबलो. पुण्यात खोलीवर हाडं काढलेलं चिकन डब्यातून येतं. मोबाईल बघत एकटाच खातो, उरलं की टाकतो. आज मान फिरवायची नाही, एवढंच ठरवलं होतं. फिरवली नाही.

पंगतीत भाकरी आणि लालभडक रस्सा आला. मी द्रोण बाजूला सारला.

"काय साहेब, तिखट लागायलंय का?" शेजारचे म्हातारबा म्हणाले. "कंदुरीचं टाकायचं न्हाई अन् घरीबी न्यायचं न्हाई. समद्यांनी हितंच संपवायचं."

भाकरी वाढत आत्या माझ्यापुढे आली.

"तू जेवलीस?"

"ठेच्यासंगं खाल्ली भाकर. मला न्हाई जायाचं ते. तू खा. तुझ्यासाठी गेलाय त्यो."

मी द्रोण पुढे ओढला. हाडंसुद्धा चोखून साफ केली. इतकं सावकाश मी कधीच जेवलो नव्हतो.

संध्याकाळी निघालो तेव्हा अंगणात रिकामा खुंटा होता. दावं आत्यानं गुंडाळून वळचणीला खोचलं होतं.

मांस मी सोडलेलं नाही. पण पुण्यात परतल्यापासून तो चिकनचा डबा मागवायला बोट उचलत नाही. त्यातला जीव कुठला, कुणी पोसलेला, काहीच ठाऊक नसतं.

रविवारी फोन केला.

"काय जेवलास?"

"वरणभात."

"सुट्टी हाय की. मटण न्हाई आणलं?"

"तुझ्याकडं आल्यावर खाईन."

मग दोघांनाही बोलायला काही सुचेना. एरवी अशा वेळी तो मागून ओरडायचा आणि आत्या त्याला शिव्या द्यायची. आता नुसती शांतता होती. तरी फोन तिनं ठेवला नाही, मीही नाही.