शेजारची खिडकी

जर्मनीतल्या एका छोट्या गावच्या नगरपालिकेला दुःख व्यक्त करायचं होतं आणि ते स्वस्तात करून हवं होतं. म्हणून काम बंगळुरूला आलं. त्या गावात एके काळी ज्यू लोकांचं प्रार्थनाघर, सिनेगॉग होतं. ते कॉम्प्युटरवर पुन्हा उभं करायचं, म्हणजे पर्यटक डोळ्यांना हेडसेट लावून आत हिंडणार. बनशंकरीतल्या ज्या कंपनीला हे कंत्राट मिळालं, तिथे मी जर्मनची दुभाषी होते.

मालक पुण्याचा. त्याने आधी घुमट चढवला. मग खांबांना सोनेरी मुलामा, छतातून उतरणारे प्रकाशाचे झोत आणि मागे रडणारं व्हायोलिन. युजरला इमोशनल वाटलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. चित्र करणारी मुलगी निपाणीकडची होती. ती हळूच म्हणाली, "अक्का, हे आमच्याकडच्या मंगल कार्यालयासारखं दिसायलंय की."

माहिती देणाऱ्या एकच बाई होत्या, अर्जेंटिनात राहणाऱ्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांची आई त्या गावात वाढलेली. आईच्या आठवणी त्यांनी सांगायच्या आणि त्यांचाच आवाज हेडसेटमध्ये वाजायचा, असं ठरलं होतं. व्हिडिओ कॉलवर घुमट पाहून त्या खोकला येईपर्यंत हसल्या. गावातले ज्यू म्हणजे गुरांचे व्यापारी, आपल्याकडचे हेडी. त्यांचं सिनेगॉग म्हणजे एक खोली, कोपऱ्यात लोखंडी शेगडी, वर बायकांसाठी माळा, आणि प्रार्थना चालू असताना मागच्या बाकांवर गाभण गाईच्या भावाची कुजबुज. घुमट उतरवला गेला. मालकाने घरात सुतक असल्यासारखा चेहरा केला.

बाईंचा आग्रह मात्र एकाच गोष्टीचा होता. सिनेगॉगच्या शेजारी, मध्ये जेमतेम एक बोळ सोडून, एक घर होतं. त्याची खिडकी थेट सिनेगॉगच्या दारावर उघडायची. शनिवारी ज्यूंनी विस्तव पेटवायचा नाही असा त्यांचा धर्मनियम, म्हणून त्या घरातली बाई येऊन शेगडी पेटवायची आणि वेणीसारखा गुंफलेला पाव घेऊन जायची. पुढे गावकऱ्यांनी सिनेगॉग फोडलं. जाळलं नाही, कारण शेजारच्या गवताच्या गंजीने पेट घेतला असता. आत मोडतोड चालली होती तेव्हा ते कुटुंब खिडकीत उभं होतं. नंतर धड राहिलेली बाकं त्यांच्याच घरात गेली.

"मला ती खिडकी हवी," बाई म्हणाल्या. "आणि ती उघडी हवी."

ते घर आता हॉटेल आहे आणि हॉटेलवाला नगरपालिकेच्या स्मारक समितीवर आहे. समितीने कळवलं, आजूबाजूच्या इमारतींमुळे लक्ष विचलित होतं. सिनेगॉग मोकळ्या हिरवळीवर दाखवावं. भरवस्तीतलं सिनेगॉग उचलून माळावर ठेवलं की त्याला शेजारीच उरत नाहीत. समितीच्या निवेदनात सगळ्या कृत्यांचा धनी 'काळोखा काळ' होता. काळाला हॉटेल चालवायचं नसतं, त्याच्यावर काहीही ढकलता येतं.

बंगळुरूत इतकी वर्षं काढून आमचा मालक एवढंच कन्नड शिकला होता: स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी. थोडं सांभाळून घ्या. हे त्याने मला बाईंना जर्मनमध्ये सांगायला लावलं. मी सांगितलं.

"माझी आई तेच करत होती," बाई म्हणाल्या.

शेवटी समितीने औदार्य दाखवलं. घर परत आलं, खिडकीही आली. पण बंद, आणि बाहेर लाल फुलांच्या कुंड्या. आपण मोठी तडजोड केली, असा समितीचा समज झाला. बाईंनी चित्र पाहिलं आणि आपला आवाज काढून टाकायला सांगितलं. मालकाला त्यात अडचण दिसली नाही. त्याने एक नटी ठरवली. तिचं जर्मन उत्तम होतं, आणि मजकूर समितीनेच लिहून दिला. त्यात आईला शेजाऱ्यांची फार आठवण यायची.

अनावरणाला गावचे नगराध्यक्ष बंगळुरूला आले. पंचतारांकित हॉटेलात समई लावली गेली. त्यांच्या डोक्यावर म्हैसुरी फेटा बांधला, मग त्यावर हेडसेट बसेना म्हणून तो काढून एका अधिकाऱ्याच्या हातात दिला. नगराध्यक्ष जागच्या जागी गोल फिरले, हवेत हात पुढे करून कुंड्या चाचपल्या आणि म्हणाले, किती शांत जागा आहे. मी भाषांतर केलं. टाळ्या पडल्या. नटीचा आवाज सुरू झाल्यावर त्यांना हेडसेट काढून डोळे पुसावे लागले.

जेवताना त्यांनी मला विचारलं, त्या बाईंचाच आवाज ना हा? मी म्हटलं, नाही, खिडकी बंद केल्यामुळे त्यांनी आवाज परत घेतला.

"वय झालं की माणसं हट्टी होतात," ते म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक मैसूरपाक उचलला.