मायच्या चादरीचा घमघमाट

बायांनो, आज कारंज्याले मायले पाहाले गेलती. माय अंथरुणाला खिळली हाय, कूस बी बदलता येत नाई तिले.

खोलीत पाय टाकला तं फुलांचा घमघमाट. वाटलं, वहिनी लय जपून राह्यली. चादर उचलली तं मुतानं ओली, खालची गोधडी बी ओली, अन् मायच्या पाठीवर लाल चट्टे.

"हे काय वं वहिनी?"

"कपडे मऊ कराची बाटली येते ना ताई, थेच. रोज कोण धुईन? झाकणभर शिंपडलं का वास मरते."

मी मायची पाठ पुसली. चादर धुतली, रिठ्याची पुरचुंडी घातलेल्या पाण्यातून काढली, कडक उन्हात वाळवली, झटकून हातानं चोळली. मऊसूत झाली. थेच रिठे वाळवून पुन्हा चालतात, बाटली कायले लागते?

गोधडी मात्र धुतली नाई. थे तशीच ओली वहिनीच्या गादीवर पसरली, अन् वरून तिचीच बाटली उपडी केली. म्हटलं, "झोप आता. वास मेला."

भाऊ दारात मान खाली घालून उभा. मी त्याले म्हटलं, "तुले बी देऊ काय झाकणभर?"

वहिनी रडली. मले लय बरं वाटलं.

निघताना मायनं पदर धरला. "बाई, थे गोधडी उचल वं. तू जाशीन, मले इथंच राहा लागते."

मी नाई उचलली. बस पकडली.

आता घरून फोन लावून राह्यली, कोणी उचलत नाई. सांगा बायांनो, चादर तं मी मऊ केली, पण माय आज तिच्यावर कशी झोपन?