आईच्या ठेवणीतल्या दाढा

परवा आईला घेऊन शहापूरला दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते.

आईच्या खालच्या डाव्या दाढा कधीच पडल्या होत्या. पाचेक वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी सांगितलं, जबड्याचं हाड झिजलंय, आधी मोठं ऑपरेशन करून हाड वाढवू, मगच इम्प्लांट. आईने तिथेच हात जोडले.

मग शहापूरच्या या मॅडम भेटल्या. म्हणाल्या, आहे त्या हाडात आखूड स्क्रू बसतील, त्यावर दाढा लावू. स्क्रू बघितला तर जेमतेम भाताच्या दाण्याएवढा... मी मनात म्हटलं, हे काय टिकणार, कप्पाळ. तरी आईने दाढा बसवून घेतल्या, त्याला आता चार वर्षं झाली.

आणि आता आठवडाभर आईचा जबडा ठणकत होता. नेमकं कुठे, ते तिला सांगता येईना. स्क्रू सुटले असले तर पुन्हा त्या ऑपरेशनचं नाव निघणार, ही तिला धास्ती.

मॅडमनी एक्स-रे काढून जुन्याशेजारी लावला. स्क्रूभोवतीचं हाड जसंच्या तसं. नव्या दाढा तसूभर हलत नव्हत्या. दुखत होती ती उजवी बाजू, तिथले आईचे स्वतःचे दात पार झिजले होते.

"मावशी, डावीकडे चावत नाही का?"

"रोज नाय बाय... झिजतील ना. सनासुदीला चावते."

मी कपाळावर हात मारला. ही बाई नवा कुकर खोक्यात ठेवते, चांगली साडी ट्रंकेत ठेवते... दाढाही ठेवणीतल्याच.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही निगा राखलीत म्हणून टिकल्या. आता दोन्हीकडे चावा, आणि तपासणीला येत राहा."

ते खरंच होतं. लग्नघरीसुद्धा आई नव्या दाढांसाठी मॅडमनी दिलेला बारीक ब्रश घेऊन मोरीत उभी असायची, आणि आम्ही तिला चिडवायचो. त्या दिवशी दोघींचंही फार कौतुक वाटलं. भाताच्या दाण्याएवढ्या स्क्रूवर विश्वास टाकणाऱ्या मॅडमचं आणि तो रोज घासून-पुसून जपणाऱ्या माझ्या आईचं.

काल संध्याकाळी घरी आले. ना सण ना वार... आणि आई ट्रंकेतली साडी नेसून ओट्यावर बसली होती, फुटाणे खात. डाव्या बाजूने.