बिबवेवाडीतली पिवळी इटालियन गाडी

ती केस मला आजही तपशिलासह आठवते. नोकरीत याहून मोठे गुन्हे उघडकीस आणले, काहींबद्दल बक्षिसेही मिळाली. पण अभिमानाने सांगावी अशी एकच केस कोणी विचारली, तर मी हीच सांगतो.

गणपतीचा बंदोबस्त नुकताच संपला होता. पितृपंधरवड्याचे चार-पाच दिवस झाले होते आणि निम्मे ठाणे साठलेली रजा मागत होते. सकाळी चाळिशीचा एक गृहस्थ तक्रार घेऊन आला. त्याच्या विधवा काकू बिबवेवाडीत स्वतःच्या बंगल्यात राहत. त्यांच्या गॅरेजचे कुलूप रात्रीत तोडून कोणी गाडी नेली होती. संशय कोणावर, हे त्याने न विचारताच सांगितले. आवारातल्या खोलीत राहणारा जुना ड्रायव्हर.

गाडी साधी नव्हती. काकूंचे यजमान परदेशात नोकरीला होते. परतताना त्यांनी शर्यतीच्या गाडीसारखी बांधणी असलेली इटालियन गाडी जहाजाने आणली. दोन दारांची, पिवळी, उंचीला जेमतेम माझ्या कमरेइतकी. यजमान वारले आणि गाडी गॅरेजमध्ये गेली ती गेलीच. पाव शतक तिला कोणी हात लावला नव्हता. रंग मूळचा, सीटचे कातडे मूळचे, धूळही तेव्हापासूनची. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, काकू शटर उघडून पूजा करत आणि पुन्हा कुलूप घालत.

जुन्या गाड्यांच्या एका जाणकाराला मी किंमत विचारली. तो म्हणाला, "कोणी रंगवली नाही ना? मग सांगता येणार नाही एवढी. रंगवली, की मात्र नुसती जुनी गाडी."

मी स्वतः पंचनाम्याला गेलो. फरशीवरच्या धुळीत चार चाकांच्या जागा स्वच्छ उरल्या होत्या. हवा नसलेले टायर ओढत नेल्याचे काळे पट्टे दारापर्यंत गेले होते. शटरच्या आतल्या कोपऱ्यात नारळाची अर्धी वाटी पडली होती.

"साहेब, हेही लिहू?" हवालदारांनी विचारले.

"लिहा. कशी आहे तेही लिहा."

पंचनाम्यात दिसेल ते लिहायचे, कामाचे-बिनकामाचे तिथे ठरवायचे नाही, ही माझी शिस्त होती. त्यावरून माझी पाठीमागे चेष्टाही होई. हवालदारांनी वाटी उचलली. "खोबरं करवंटीपासून सुटलंय, बुरशी धरलीय. कालचा असता तर आज आमच्या घरी चटणी झाली असती."

ड्रायव्हरला जबाबासाठी ठाण्यात आणले. साठीचा माणूस. हात मांडीवर ठेवून ताठ बसला होता.

"तुम्ही गॅरेजला लागून झोपता. गाडी ओढत नेली आणि तुम्हाला ऐकू आलं नाही?"

"नाही साहेब. आवाज झालाच नाही तर ऐकू काय येणार?"

"गणपतीत कुठे होता?"

"गावाकडं. गौरी-गणपतीला दरसाल जातो. अनंत चतुर्दशी झाल्यावर आलो."

"गॅरेजची किल्ली?"

"एक बाईसाहेबांकडं, एक पुतण्यासाहेबांकडं. मला कशाला लागती? पंचवीस वर्षं मी त्या बंद दाराचा ड्रायव्हर आहे."

पुतण्याने ओळखी वापरल्या होत्या. दुपारी वरून फोन आला, "त्या ड्रायव्हरला आत घ्या, बोलेल आपोआप." मी सांगितले, "साहेब, अटकेपुरता पुरावा नाही. मिळाला की घेतो." त्या वयात आत गेलेला माणूस निर्दोष सुटला, तरी त्याला पुन्हा कोणी कामावर ठेवत नाही. पुढचा तपास मला त्याच्यासाठीही करायचा होता.

घरी नारळ फोडणे आणि खवणे हे काम माझ्याकडे असे. त्या रात्री ते करताना मनात आले, चोर कुलूप फोडतो, नारळ फोडत नाही. नारळ फोडतो तो गाडी आपली झाली असे समजून नेणारा. म्हणजे शोधायचा तो चोर नव्हे, गिऱ्हाईक. आणि ते गिऱ्हाईक पितृपंधरवड्यात आलेले नाही. आपल्याकडे पितरांत कोणी नवी चप्पल घेत नाही, गाडी कुठून घेणार? खोबऱ्याची अवस्थाही तेच सांगत होती. गाडी गणपतीतच गेली होती. शटर बंद होते म्हणून कोणाला कळले नाही.

दुसऱ्या दिवशी गावच्या पोलीस पाटलाकडून खात्री केली. ड्रायव्हर चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून गावात होता. मग काकूंना भेटलो. "गणपतीत आपण कुठे होता?"

"पुतण्याकडे, दहाही दिवस," त्या म्हणाल्या. "एरवी दीड दिवसाच्या वर त्याला मी सोसत नाही. यंदा माया फारच उतू गेली."

मी खबऱ्यांना चोरीची गाडी शोधा असे सांगितले नाही. गणपतीत कोणी अजब गाडी विकत घेतली, एवढेच विचारा म्हटले. दोन दिवसांत कात्रजहून खबर आली. एका रंगकामाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली बसकी पिवळी गाडी आहे. मालकाला ती दसऱ्याला लाल हवी आहे.

आम्ही पोचलो तेव्हा कारागीर पॉलिश पेपर पाण्यात भिजवत होता. दारावर तळहाताएवढी जागा घासली गेली होती. बाकी गाडी धुळीसकट तशीच होती. मी त्याच्या हातातला पेपर काढून घेतला आणि मगच ओळख सांगितली. चासी नंबर कागदाशी जुळला.

मालक शेजारीच खुर्ची टाकून बसला होता. गावची जमीन शहरात गेल्यावर बांधकामात उतरलेला माणूस. तो घाबरला नाही, रागावला.

"चोरीची? साहेब, समद्या गावादेखत आणलीया. बाईची सही हाय माझ्याकडं. नारळ फोडून उचलली."

"कधी?"

"गणपतीत. पुतण्या म्हणत हुता, पंधरा दिवस थांबा. म्या म्हटलं, पितर लागायच्या आत दारात पायजे, न्हाईतर सौदा मोडला. पितरांत म्या खिळासुदिक घेत न्हाय."

सही खोटी होती, हे त्याला आमच्याकडून कळले. तो खुर्चीवरून उठला. मग म्हणाला, "तरीच म्हटलं, नारळ फोडताना पुतण्या इकडंतिकडं का बघतुया."

पुतण्याला ठाण्यात बोलावले. चहा दिला.

"आपला नारळावर विश्वास आहे का?"

"मी असलं काही मानत नाही," तो हसून म्हणाला.

"मग फोडला कोणी? आपण की कात्रजच्या पाहुण्यांनी? ते शेजारच्या खोलीत आहेत, बोलावू?"

त्याने कप खाली ठेवला. पुढचा जबाब सरळ होता. खंडेनवमीला काकू शटर उघडणार, तेव्हा रिकामे गॅरेज दिसणार. त्याआधी चोरी दाखवणे भाग होते. म्हणून तक्रारीच्या दिवशी पहाटे त्याने स्वतःच कुलूप तोडले. ड्रायव्हर आयताच शेजारी होता.

न्यायालयाच्या आदेशाने गाडी सुपुर्दनाम्यावर काकूंकडे परत गेली. दारावरचा तो घासलेला तुकडा त्यांनी तसाच ठेवला.

या केसने मला दोन गोष्टी शिकवल्या. संशय कोणीतरी हातात आणून दिला, तर तो आधी बाजूला ठेवून जागा नीट बघावी. आणि माणूस कायदा मोडताना कचरत नाही, पण घरातली रीत मोडताना कचरतो. त्यानंतरच्या अनेक तपासांत मी माणसांच्या रीतीच आधी विचारल्या आणि त्याचा उपयोग झाला.

पण अभिमान आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. पुतण्याचा जबाब झाल्यावर मी ड्रायव्हरला बोलावून सांगितले, "मामा, तुमचं नाव यात कुठेही नाही. आता निर्धास्त घरी जा."

तो उठला नाही. "साहेब, मला न्यायला जीप आली तेव्हा सगळी गल्ली दारात उभी होती. मी रिक्षानं परत गेलो तर कोणाला दिसायचं?"

संध्याकाळी, दूधवाले आणि शाळेची पोरे रस्त्यावर असताना, मी जीप काढली. त्याला पुढे माझ्या शेजारी बसवले. कोपऱ्यावर वेग कमी केला. बंगल्यासमोर मी आधी उतरलो, त्याच्या बाजूचे दार उघडले आणि टोपी घालून कडक सलाम केला. तो उतरला, सदरा नीट केला आणि फाटकाकडे न वळता आधी गल्लीच्या टोकापर्यंत सावकाश चालत गेला.